दाराच्या वाटेतल्या चपला

नातवंडांनो, तुमच्या तिकडच्या शाळेत मला एकदाच येता आलं, पण तिथली एक गोष्ट मी नीट पाहून ठेवली आहे. तिथली सगळी मोठी दारं बाहेर उघडतात. दाराला आतून कमरेच्या उंचीवर एक आडवी दांडी होती. धाकट्याने तिच्यावर नुसतं पोट टेकलं आणि तो सरळ बाहेर पडला. मला फार बरं वाटलं. तुमच्या आईला वाटलं, मी शाळेची बाग पाहून खूश झाले.

आपल्या ऐरोलीच्या घराचं दार आत उघडतं आणि घराच्या बाबतीत तेच बरोबर आहे. बेल वाजली की आपण दार आत ओढतो, स्वतः मागे सरतो आणि "या" म्हणतो. तेच दार बाहेर उघडणारं असतं तर आलेल्या माणसाला आधी जिन्याकडे ढकलावं लागलं असतं. आमच्या जाळीच्या सेफ्टी डोअरचं तसंच होतं. ते बाहेर उघडतं, म्हणून दूधवाला आणि कुरियरवाला बेल वाजवून आपोआप एक पाऊल मागे कडेला उभे राहतात. त्यांना कोणी शिकवलेलं नाही. एकदा दाराची कड गुडघ्याला लागली की माणूस शिकतो.

हॉलचं गणित वेगळं असतं. घरात माणसं एकेक करून येतात-जातात. हॉलमध्ये येताना पुढे-मागे येतात, पण निघताना सगळी एकदम निघतात. म्हणून जिथे गर्दी जमते तिथलं दार गर्दी ज्या बाजूला जाणार त्या बाजूला उघडायला हवं. बेलापूरच्या एका कचेरीत मी नोकरीभर इमारतींचे नकाशे तपासले. कित्येक नकाशे या एका कारणासाठी मी परत पाठवले आहेत आणि त्याबद्दल पुष्कळांची बोलणीही खाल्ली आहेत. त्या नकाशांवरचे शेरे मी इंग्रजीत लिहीत असे, कारण माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं. ही हकीकत मात्र ज्या भाषेत घडली त्याच भाषेत लिहिते आहे. अडलं तर आईला विचारा.

सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पाळणाघर आहे, ते तुम्ही पाहिलं आहे. ते चालवणाऱ्या बाई साताऱ्याकडच्या. मुलं त्यांना मावशी म्हणतात, म्हणून मोठेही म्हणतात, तेव्हा मीही इथे मावशीच म्हणते. त्यांचे यजमान तुर्भ्याच्या बाजारात पोती वाहायचे. पाठ गेली तशी ते घरी बसले आणि घर मावशींवर आलं. इथे नवरा-बायको दोघंही आयटी पार्कात जाणारी, त्यामुळे सांभाळायला मुलांचा तोटा नाही. पण सांभाळायला जागा हवी, आणि मावशींचं स्वतःचं घर म्हणजे एक खोली. हॉल होता म्हणून पाळणाघर होतं. पाळणाघर होतं म्हणून त्यांच्या दोन्ही मुली इथे कॉलेजात होत्या. हॉल गेला असता तर सगळ्यांनी गावी परत जायचं हे त्यांच्या घरात ठरूनच गेलं होतं.

मध्यंतरी अग्निसुरक्षेच्या तपासणीला एक साहेब आले. त्यांनी हॉल पाहिला, खिडक्या पाहिल्या, मग दार दोनदा उघडलं आणि मिटलं.

"दार आत उघडतंय," ते म्हणाले. "धूर झाला तर ही सगळी पोरं दाराशी गोळा होणार. मग ते आत ओढणार कोण?"

मावशी म्हणाल्या, "मी हाय की, साहेब."

"तुम्ही पोरांच्या मागे असाल, मावशी. पोरं तुमच्या आधी दाराशी पोचतील." मग सोसायटीच्या सेक्रेटरींकडे वळून ते म्हणाले, "दार फिरवून घ्या, नाहीतर इथे पाळणाघर चालणार नाही. पुढच्या वेळी मी सांगून येणार नाही."

आपले सेक्रेटरी माणूस वाईट नाहीत, पण त्यांना कामापेक्षा काम टळलेलं जास्त आवडतं. संध्याकाळी ते मला लिफ्टपाशी म्हणाले, "काकू, बंदच करू ना पाळणाघर. दार फोडा, चौकट काढा, कशाला हवंय टेन्शन? आणि दार बाहेर उघडलं की लक्ष्मी बाहेर जाते म्हणतात."

मी म्हटलं, "लक्ष्मी हॉलमध्ये कशाला येईल हो? ती लिफ्टने वर आपापल्या घरी जाते. हॉलमध्ये येते ती तुमची मीटिंग."

ते हसले, पण मुद्दा मीटिंगवर गेला. मीटिंगला हॉल भरला होता. पार्किंगच्या भांडणात बराच वेळ गेला आणि दाराचा विषय निघेपर्यंत लोक घड्याळं बघायला लागले होते. नकाशा काढून समजवायला मी उठलेच नाही. तेवढ्या वेळात अर्धे लोक मोबाइलमध्ये शिरले असते. मी कोपऱ्यावरच्या वडेवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने बाहेरच्या पॅसेजमध्ये टेबलावर परात आणून ठेवली आणि वास आत आला, तशी मी उभी राहिले.

"बटाटेवडे बाहेर ठेवलेत," मी म्हटलं. "गरम आहेत. चटणी थोडीच आहे."

चटणी थोडीच आहे हे खोटं होतं, पण त्याचा परिणाम चांगला झाला. सगळा हॉल उठला. सेक्रेटरी दाराच्या सगळ्यात जवळ, म्हणून मूठ त्यांच्या हातात आली. त्यांनी दार वीतभर आत ओढलं आणि मागच्यांनी त्यांना दारावर ढकललं. दार मिटलं. पुन्हा ओढलं, पुन्हा मिटलं.

"अरे ढकलू नका! मागे व्हा!"

"तुम्ही उघडा आधी!"

"कसं उघडू? नाक लागलंय माझं दाराला!"

मागून कोणीतरी ओरडलं, "सेक्रेटरीसाहेब, राजीनामा द्या आणि दार उघडा!"

मी पुन्हा खुर्चीत जाऊन बसले होते. शेवटी मागचे कंटाळून सरले, दार उघडलं आणि सेक्रेटरी कपाळ पुसत माझ्याकडे वळले. त्यांच्या तोंडावरून मला दिसलं की त्यांना सगळं समजलं आहे.

"ही नुसती वड्यांची घाई होती," मी म्हटलं.

ठराव वडे खाता खाताच मंजूर झाला. विरोधात एकही हात वर झाला नाही. खरं सांगायचं तर बहुतेक हात चटणीचे होते.

दार फिरवायचं म्हणजे नुसत्या बिजागऱ्या बदलून भागत नाही. चौकटीला ज्या बाजूने दार टेकतं ती खाच दुसऱ्या बाजूला यावी लागते, म्हणून अख्खी चौकट काढून उलटी बसवली. सुतारकाम चालू होतं तोवर मावशींनी मुलांना टेरेसवरच्या शेडमध्ये सांभाळलं. दार बसलं, आतून ढकलायची दांडी लागली, आणि धाकट्याने तिकडे केलं तसं मी इथे त्या दांडीवर हात ठेवून पाहिला. दार अगदी हलकं बाहेर गेलं. मावशींनी दाराला हळदकुंकू लावलं, पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

मग मावशी म्हणाल्या, "साहेब कदीबी येतील. पोरांची सवय करून घेऊ." त्यांनी जुन्या साडीची लांब पट्टी फाडून तिला गाठी मारल्या. एकेका मुलाने एकेक गाठ धरायची आणि ताट वाजलं की रांगेने बाहेर पडायचं. आईबापांनाही पाहायचं होतं, म्हणून सगळे न्यायला येतात त्या वेळेलाच तालीम ठेवली. मी आत भिंतीपाशी उभी होते. मावशींनी पळीने ताट बडवलं. पोरांनी गाठी धरल्या. पुढच्या मुलीने दांडी ढकलली.

दार चार बोटं उघडलं आणि थांबलं.

मुलीने पुन्हा ढकललं. मग मावशींनी ढकललं, मग मी. दार जागचं हलेना. फटीतून पाहिलं तर बाहेर चपलांचा ढीग. पाळणाघरात मुलं सतरंजीवर लोळतात, झोपतात, म्हणून आत कोणी पायातलं घेऊन येत नाही. प्रत्येक जण दाराशी येऊन जिथे उभा राहतो तिथेच काढतो. वडिलांचे स्पोर्ट्स शूज, आयांच्या टाचांच्या सँडल, कोणाच्या तरी आजीची स्लीपर दाराखाली पाचरीसारखी बसलेली. माझ्याही कोल्हापुरी तिथेच होत्या, नीट जोडीने, एका रेषेत, आणि बरोबर दाराच्या आड.

दार आत उघडत होतं तोवर या ढिगाने कोणाचं काही अडलं नव्हतं. ढीग बाहेर असायचा आणि दार आत जायचं. आम्ही दार फिरवलं आणि ढीग होता तिथेच राहिला. नोकरीभर पाहिलेल्या एकाही नकाशावर दाराबाहेर चपला काढलेल्या मला आठवत नाहीत.

चपला काढून बाहेरच तालीम बघत उभे असलेले आईबाप हसत हसत आपापलं पायताण उचलायला लागले. मावशी हसल्या नाहीत. ताट हातात धरून त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "काकू, ह्याच टायमाला साहेब आले असते तर? दार तर फिरवलं. मानसं कशी फिरवायची?"

चपलांचं रॅक आहे, पण ते पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला. तिथपासून अनवाणी धुळीतून चालत यायला कोणी तयार होत नाही. आम्ही आधी दारावर कागद लावला, की इथे चपला काढू नयेत. लोक चपला काढता काढता तो कागद वाचायचे. मग मी सेक्रेटरींकडून पिवळा ऑइलपेंट मागवला. नकाशावर दार दाखवताना दाराची एक सरळ रेघ आणि ते फिरतं तेवढं पाव वर्तुळ काढतात. तसंच पाव वर्तुळ खऱ्या मापाने जमिनीवर रंगवून घेतलं, म्हणजे दाराला किती जागा लागते ते लोकांना दिसेल. दिसलं, आणि एक दिवस सगळ्यांनी मानही ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या पिवळ्याच्या मधोमध एक मोठी चामड्याची जोडी पडलेली.

मी हॉलच्या दारातून विचारलं, "सेक्रेटरी, या तुमच्याच ना?"

"हो काकू, दोनच मिनिटांसाठी आलोय."

"आगही दोन मिनिटांसाठीच येते."

त्यांनी लगबगीने चपला उचलल्या. पण त्यांच्या पाठोपाठ आलेल्या बाईंनी, आमचं बोलणं ऐकून, हसून, आपल्या सँडल त्याच जागी काढल्या.

त्या दिवसांत मावशी दिवसातून दहादा बाहेर येऊन चपला पायाने बाजूला सारत असत. मुलांकडे बघू की चपलांकडे, असं त्यांचं झालं होतं. फाटकाशी गाडी थांबली की मान वर करून बघायच्या, साहेबच तर नाहीत ना.

रविवारी हॉलमध्ये एक बारसं होतं. पहिल्या मजल्यावरच्यांच्या नातीचं. मी जरा उशिराच पोचले आणि चपला काढायला वाकले तशी तिथेच थांबले. बायकांनी दारासमोर मोठी रांगोळी घातली होती. आत पन्नासेक माणसं होती, आणि रांगोळीवर एकही चप्पल नव्हती. सगळं पायताण भिंतीच्या कडेने लांबपर्यंत गेलेलं. ज्यांनी कागद वाचून चपला काढल्या, पिवळा रंग तुडवला, तेच सगळे लोक होते. सेक्रेटरींची चामड्याची जोडी तर पार मीटरच्या पेटीखाली जाऊन पोचली होती. रांगोळीवर चप्पल ठेवायला आपल्या माणसाचा हातच होत नाही. ते त्याला लहानपणापासून पाठ आहे, आणि ते पुसून काढणं कुठल्याही घाईच्या आवाक्यात नाही.

बाळाच्या कानात नाव सांगून होईपर्यंत मी कशीबशी थांबले आणि मग मावशींच्या घरी गेले.

रांगोळीचं ऐकून त्या म्हणाल्या, "म्हंजी रोज काढायची?"

"रोज. रंगवलेली चालणार नाही. ते आपण पाहिलं."

"माझी आई दारात रोजच काढायची," मावशी म्हणाल्या. "मीच हितं आल्यापासून सोडलं. कुठं काढनार, दारात गटाराचं झाकन."

सोमवारी सकाळी आम्ही दोघी कामाला लागलो. सुतळीचं एक टोक मी बिजागरीच्या खाली धरलं, दुसऱ्या टोकाला खडू बांधून मावशींनी दार जिथवर येतं तिथवर कमान ओढली. आतली जागा त्यांनी ठिपक्यांनी आणि वेलींनी भरली. दाराखाली बोटभर फट होती, म्हणून रांगोळी पातळ घालायची, म्हणजे ती न विस्कटता दार वरून फिरतं. संध्याकाळी मी मुद्दाम वरून उतरून पाहिलं. स्पोर्ट्स शूजवाले बाप रांगोळीच्या कडेला येऊन थबकत होते, मग एका पायावर उड्या मारत भिंतीकडे जाऊन बूट काढत होते. एकाने तर फोनवर बोलता बोलता न बघताच तसं केलं.

आता पुन्हा तालीम. ताट वाजलं, पोरांनी गाठी धरल्या, दार पूर्ण उघडलं, आणि पुढची मुलगी उंबऱ्यावर गच्च थांबली. मागची सगळी रांग तिच्यावर येऊन आदळली.

"अगं चल ना!" मावशी मागून ओरडल्या.

"रांगोळी आहे!"

"असू दे, तुडव!"

"बाप्पा रागवेल!"

मावशींनी कपाळाला हात लावला. मग रांगेच्या पुढे येऊन त्या मुलांसमोर उकिडव्या बसल्या. "ऐका. बाप्पाला मी सांगते. ताट वाजलं की रांगोळी तुडवायची, पार विस्कटून टाकायची, मागं बघायचं न्हाई. पन ताट वाजल्याबिगर कुनी पाय लावला तर बघा."

असा नियम मुलांना जन्मात कोणी घालून दिला नव्हता. त्यानंतरच्या तालमी बघायला मी चहा सोडून खाली जात असे. ताट वाजलं की पोरं गाठी धरून अशी सुटायची, जशी काही शाळाच सुटली. फाटकापर्यंत पांढरी पावलं उठायची.

साहेब आले ते बरोबर न्यायच्या वेळेला. फाटकातून एकटेच चालत आले, पायात जाड बूट. मी पॅसेजमध्येच होते. ते रांगोळीच्या कडेशी आले आणि थांबले. क्षणभर खाली पाहिलं, मग भिंतीकडे गेले, खाली बसून नाड्या सोडल्या आणि आपले बूट शेवटच्या सँडलच्या पुढे ठेवले. मला हसू आवरेना, म्हणून मी मीटरच्या पेटीकडे तोंड केलं.

रांगोळीच्या कडेने आत जाऊन त्यांनी दांडी तळहाताने ढकलली. दार पूर्ण उघडलं. दुसऱ्यांदा ढकलली, तेव्हाही उघडलं. मग ते मावशींना म्हणाले, "काही शिकवलंय मुलांना?"

मावशींनी पळी उचलली. ताट घेतलं आणि वाजवलं.

दोघं जण झोपेतून उठले होते, एकाच्या तोंडात बिस्किट होतं, पण सगळ्यांनी गाठी धरल्या. पुढच्या मुलीने पोट टेकून दार उघडलं आणि सगळी रांग वेलींवरून, ठिपक्यांवरून, बाहेर भिंतीला चिकटलेल्या आईबापांसमोरून फाटकाकडे गेली. कोणी अडखळलं नाही. सगळ्यांत शेवटी मावशी, कडेवर एक लहानगं, दुसऱ्या हातात ताट, मागे कोणी राहिलं का ते बघत.

साहेब दारात उभे राहून पाहत होते. मावशी परत आल्यावर त्यांनी विचारलं, "ही रांगोळी रोज असते?"

"रोज, साहेब."

"कशासाठी?"

"चपलांसाठी," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी भिंतीकडच्या ओळीकडे पाहिलं. ओळीच्या टोकाला त्यांचेच बूट होते. ते मोठ्याने हसले. मग सेक्रेटरींना बोलावून सांगितलं, "पाळणाघर चालू राहू दे. दाराला हरकत नाही."

बाहेर आईबापांनी टाळ्या वाजवल्या. एका आईने मावशींना मिठी मारली. मी आयुष्यात पुष्कळ इमारती पास केल्या, पण त्यातल्या एकीच्याही दाराशी माझा ऊर असा भरून आला नव्हता. मावशींनी काहीतरी बोलावं असं सगळ्यांना वाटत होतं. त्यांनी कडेवरचं मूल त्याच्या आईकडे दिलं, मुलींना फोन करा असा घरी यजमानांना निरोप धाडला, आणि आतून रांगोळीचा डबा आणला. जमीन सगळी विस्कटलेली होती, आणि फाटकातून न्यायला येणारे आणखी दोघं-तिघं आत शिरत होते, पायात बूट.

"काकू, सरका जरा," त्या मला म्हणाल्या. "नेमक्या दाराच्या वाटेत उभ्या हायसा."

मी सरकले आणि सुतळीचं टोक धरायला बिजागरीपाशी खाली बसले.